दाढ काढण्याआधीचा एक डोस

हृदयात दोष असलेल्या काही मुलांची दाढ काढायची असेल, तर त्याआधी अर्धा ते एक तास त्यांना अमॉक्सिसिलिनचा एकच डोस द्यावा लागतो. हा डोस मोठा असतो, वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम. सोळा किलोच्या मुलाला ८०० मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध असलेलं सिरप घेतलं, तर एका वेळी सोळा मिलिलिटर पाजायचं. सर्दी-तापाला एकेक चमचा औषध देण्याची सवय असलेल्या आईला हे प्रमाण ऐकून धास्ती वाटणं साहजिक आहे. पण हा डोस कुठला आजार बरा करायला दिलेला नसतो. दाढ हलवली जाईल त्या घडीला रक्तात औषध भरपूर असावं, एवढ्यासाठी तो असतो. काम झालं की तो संपला. संध्याकाळी पुन्हा नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पाच दिवसांचा कोर्स तर नाहीच.

आपल्याकडे हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. धडधाकट मुलाची किडलेली दाढ काढली तरी पाच दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं जातं, नाहीतर घरचेच मेडिकलमधून आणून सुरू करतात. आणि ज्या थोड्या मुलांना तो एक डोस खरोखर हवा असतो, त्यांच्यातल्या कुणाचा तो राहून जातो, कारण दाताच्या डॉक्टरांना हृदयाबद्दल कुणी सांगितलेलंच नसतं. कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात, जिथे एका मुलाचे तीन डॉक्टर तीन गावांत असतात, तिथे ही दुसरी चूक सहज होते. म्हणून हा विषय डॉक्टरांइतकाच आई-वडिलांनाही नीट कळायला हवा.

आपल्या तोंडात शेकडो जातींचे जंतू कायम राहतात. त्यांत व्हिरिडन्स गटातले स्ट्रेप्टोकॉकस फार मोठ्या संख्येने असतात. दातांवर, जिभेवर, गालाच्या आतल्या बाजूला ते एरवी निमूट असतात. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीखाली मात्र बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. दात उपटला किंवा हिरडीखाली उपकरण घातलं की तिथले जंतू रक्तात शिरतात. निरोगी हृदयाच्या मुलात त्यांचा काही मिनिटांत निकाल लागतो. पांढऱ्या पेशी, यकृत आणि प्लीहा त्यांना गाळून काढतात, मुलाला पत्ताही लागत नाही.

हृदयात छिद्र असेल, झडप खराब असेल, नाहीतर आत कृत्रिम जोड असेल, तर गोष्ट बदलते. अरुंद वाटेतून रक्त जोराने फेकलं जातं. पाटाच्या पाण्याची धार एकाच जागी बांधाला लागत राहिली की तिथली माती सुटते, तसं त्या धारेखालचं हृदयाचं नाजूक अस्तर खरवडलं जातं. खरवडलेल्या जागी रक्तातल्या बिंबिका आणि फायब्रिनचे धागे जमून एक चिकट थर बसतो. एवढ्याने आजार होत नाही. पण नेमक्या त्या वेळी तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस रक्तातून जात असतील, तर ते त्या थराला चिकटतात, वाढतात, स्वतःवर आणखी फायब्रिन ओढून घेतात. त्या आवरणात पांढऱ्या पेशींना शिरकाव नसतो. हा आजार म्हणजे इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस, हृदयाच्या अस्तराचा जंतुसंसर्ग. झडप कुरतडली जाते. त्या गाठीचे तुकडे सुटून मेंदूत, मूत्रपिंडात, फुप्फुसात जाऊन अडकतात. उपचार म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, आणि कधी कधी शस्त्रक्रिया. एवढं करूनही काही मुलं वाचत नाहीत.

पेनिसिलिन येण्याआधी तर या आजारातून जवळजवळ कुणीच उठत नसे. संगीतकार गुस्टाव्ह माहलर १९११ साली पन्नासाव्या वर्षी याच आजाराने गेला. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या रक्तात स्ट्रेप्टोकॉकस वाढवून दाखवले गेले होते. रोग कळला होता, औषध नव्हतं. दाताशी असलेला संबंध पुढे हळूहळू स्पष्ट झाला. १९३५ साली लंडनमध्ये ओकेल आणि एलियट यांनी दात काढल्यावर लगेच रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात हे जंतू सापडले. त्यानंतरचा विचार सरळ होता: जंतू रक्तात येणार हे आधीच ठाऊक असेल, तर औषध आधीच देऊन ठेवावं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ साली तशी पहिली शिफारस केली. १९५७ ची शिफारस तर दात काढण्याच्या दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत पेनिसिलिन घेण्याची होती. पुढे ती आखडत आली, आणि १९९७ मध्ये एकच डोस पुरेसा ठरला. आजही कुणी हृदयरोगी मुलाला दात काढण्यासाठी पाच दिवसांचं अँटिबायोटिक देत असेल, तर ती त्या जुन्या काळातून चालत आलेली सवय आहे.

खरा मोठा बदल २००७ साली झाला. तोवर हृदयात बारीकसा दोष असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हा डोस दिला जाई. असोसिएशनच्या तज्ज्ञांनी मग एक साधा प्रश्न विचारला: दात काढताना जंतू रक्तात जातात हे खरं, पण घास चावताना आणि दात घासतानाही ते जातात, त्याचं काय? त्यांनी ज्या अभ्यासांचा आधार घेतला, त्यांतल्या एका अंदाजानुसार दात काढल्यावर रक्तात जंतू असण्याचा काळ सहा ते तीस मिनिटांचा, तर रोजच्या चावण्या-घासण्यातून महिन्याभरात जमा होणारा काळ ५,३७० मिनिटांचा. वर्षा-दोन वर्षांत एकदा दात काढायचा आणि तेवढ्यासाठी औषध घ्यायचं, पण रोजच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा हिशेब जमत नव्हता.

२००८ साली अमेरिकेतल्या लॉकहार्ट आणि सहकाऱ्यांनी २९० जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, तो इथे फार उपयोगी आहे. एन्डोकार्डायटिस घडवू शकतील असे जंतू नुसतं ब्रश केल्यावर २३ टक्के लोकांच्या रक्तात सापडले, औषध न घेता दात काढल्यावर ६० टक्के, आणि अमॉक्सिसिलिन घेऊन दात काढल्यावर ३३ टक्के. म्हणजे औषधाने जंतू सापडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, शून्यावर येत नाही. आणि ब्रशचा आकडा औषधासह दात काढण्याच्या आकड्यापासून फार लांब नाही. ब्रश करू नये असा याचा अर्थ घेणं चुकीचं ठरेल. हिरड्या सुजलेल्या असतील तितके जास्त जंतू आत जातात, आणि हिरड्या निरोगी ठेवायच्या तर ब्रशच लागतो. हृदयरोगी मुलाच्या हिरडीतून रक्त आलं की घाबरून ब्रश बंद करणारे पालक असतात. करायला हवं नेमकं उलट: मऊ ब्रश, रोज दोनदा, हिरडीच्या कडेपर्यंत. आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर दाताच्या डॉक्टरकडे.

मग २००७ नंतर डोस कुणासाठी उरला? ज्यांना हा आजार झाला तर सर्वांत घातक ठरेल, अशांसाठी. कृत्रिम झडप बसवलेली मुलं. झडप दुरुस्त करताना कृत्रिम कडं वापरलेली मुलं. एन्डोकार्डायटिस एकदा होऊन गेलेली मुलं. जन्मतः निळी असलेली मुलं, म्हणजे फॅलॉटच्या टेट्रालॉजीसारख्या दोषाची, ज्यांची पूर्ण दुरुस्ती अजून झालेली नाही. फुप्फुसाकडे रक्त वळवणारी तात्पुरती नळी, म्हणजे शंट, टाकलेली मुलंही यातच येतात. पॅच लावून किंवा छत्रीसारखं उपकरण बसवून छिद्र बंद केलं असेल, तर पहिले सहा महिने, कारण तेवढ्या काळात हृदयाचं स्वतःचं अस्तर त्या परक्या वस्तूवरून वाढतं. सहा महिन्यांनंतरही पॅचच्या कडेने रक्त झिरपत असेल, तर पुढेही. आणि हृदय-प्रत्यारोपणानंतर झडप बिघडलेले रुग्ण. २०२१ साली असोसिएशनने पुन्हा आढावा घेतला, तेव्हा यादी मूळ रूपात कायम राहिली.

या यादीत कोण नाही, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. इकोमध्ये दिसलेलं साधं छोटं व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधलं छिद्र, नाही. एएसडी, म्हणजे वरच्या कप्प्यांमधलं छिद्र, नाही. पूर्ण बंद झालेलं आणि सहा महिने उलटून गेलेलं छिद्र नाही. ‘लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय’ एवढ्यावरून अठराव्या वर्षापर्यंत दर वेळी अँटिबायोटिक घेणारी मुलं असतात, त्यांना बऱ्याचदा त्याची गरज नसते. आणि यादीतल्या मुलालाही प्रत्येक कामासाठी डोस लागत नाही. हिरडी किंवा दाताच्या मुळाच्या टोकाशी छेडछाड होणार असेल, किंवा तोंडाच्या आतली त्वचा कापली जाणार असेल, तरच. दात काढणं, हिरडीखालची सफाई, दुधाच्या दाढेच्या मुळापर्यंत जाणारा उपचार, हिरडीत बसणारी स्टीलची टोपी, ही ती कामं. एक्स-रेला नाही, तारा आवळायला नाही, निरोगी हिरडीतल्या भुलीच्या इंजेक्शनला नाही. दुधाचा दात आपसूक पडला, किंवा मूल खेळताना पडून ओठ फुटला, तरी नाही.

ब्रिटनने २००८ साली याहून पुढे जाऊन पाहिलं. तिथल्या नाइस या संस्थेने कुणालाच हा डोस देऊ नका, असं सांगितलं. इंग्लंडमध्ये अशा डोसांच्या चिठ्ठ्या महिन्याला सुमारे १०,९०० वरून २,२३६ वर आल्या. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की त्या काळात एन्डोकार्डायटिसचे रुग्ण अपेक्षेपेक्षा वाढत गेले, मार्च २०१३ पर्यंत महिन्याला सुमारे ३५ जास्त. ही वाढ डोस बंद केल्यामुळेच झाली, हे त्या अभ्यासातून सिद्ध होत नाही, लेखकांनीही तसा दावा केलेला नाही. पण २०१६ मध्ये नाइसने आपल्या वाक्यात ‘सरसकट’ या अर्थाचा शब्द घातला आणि धोक्यातल्या रुग्णांसाठी दार पुन्हा किलकिलं केलं. डोस देऊन आणि न देऊन एन्डोकार्डायटिस किती जणांना होतो, याची तुलना करणारी यादृच्छिक चाचणी आजवर झालेली नाही, आणि निळ्या मुलांवर ती करायला कुणी धजावेल असं वाटत नाही. माझं मत विचाराल तर अमेरिकन यादी ही आजची शहाणपणाची मधली वाट आहे: थोड्यांना, एकदाच, पण न चुकता.

आपल्या भागात या यादीला एक अवघड किनार आहे, ती संधिवाताच्या हृदयरोगाची. घशात एका वेगळ्या स्ट्रेप्टोकॉकसचा, ‘अ’ गटाचा संसर्ग होतो. त्याच्यावर उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती चुकून हृदयाच्या झडपेवर धावून जाते. सांधे दुखून बरे होतात, झडप मात्र कायमची आखडते. गर्दीची घरं आणि उशिरा होणारे उपचार असतात तिथे हा आजार टिकून राहतो, आणि भारतात तो अजून आहे. या मुलांना दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, लहानांना सहा लाख युनिटांचं, मोठ्यांना बारा लाख युनिटांचं. कमरेत घेतलेलं हे इंजेक्शन चांगलंच दुखतं.

इथे पालकांचा आणि कधी कधी डॉक्टरांचाही गोंधळ होतो. दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिन चालू आहे, म्हणजे दातासाठी वेगळं काही नको, असं वाटतं. ते बरोबर नाही. ते इंजेक्शन घशातल्या जंतूला रोखण्यासाठी असतं. त्याने रक्तात औषध टिकतं ते फार थोड्या प्रमाणात. तेवढं घशातल्या जंतूला पुरतं, तोंडातल्या जंतूंना नाही. उलट पेनिसिलिन सतत चालू असलं की तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस त्याला दाद देईनासे होतात. म्हणून असं मूल डोसाच्या यादीत बसत असेल, तर त्याला वेगळ्या कुळातलं औषध द्यायचं असतं, उदाहरणार्थ ॲझिथ्रोमायसिन, किलोला १५ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ५००. संधिवाताने बिघडलेली, पण स्वतःचीच झडप असलेलं मूल अमेरिकन यादीत नाही. मात्र यादी आखडल्यानंतरही ऑस्ट्रेलियाने आपल्या आदिवासी समाजातल्या अशा रुग्णांना वगळलं नाही, कारण त्यांच्यात हा आजार खूप आणि दातांची अवस्था वाईट. आपल्या खेड्यांतलं चित्र अमेरिकेपेक्षा त्याच्या जवळचं आहे. अशा मुलाबाबतचा निर्णय त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यावा, आणि तो कागदावर लिहून मागावा.

कागदाचा मुद्दा मी मुद्दाम काढला. चंदगडच्या मुलाचा विचार करा. कोल्हापूर शहर तिथून शंभर किलोमीटरच्या पुढे, बेळगाव त्यापेक्षा कितीतरी जवळ. इको बेळगावला, ऑपरेशन मुंबई-पुण्याला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून, दाढ दुखली तर गडहिंग्लजला, ताप आला तर गावातल्या दवाखान्यात. गगनबावडा, शाहूवाडी, आजरा इथलीही गत वेगळी नाही. फाइल घरी ट्रंकेत असते. दाढ रात्री ठणकते आणि सकाळी एसटीने निघताना फाइल कुणाला आठवत नाही. दाताचे डॉक्टर विचारतात, ‘काही आजार आहे का?’ आजी सांगते, ‘नाय, आता बरा हाय, ऑपरेशन झालंया न्हवं.’ आजी खोटं बोलत नाही. मूल बरंच झालेलं असतं, फक्त त्याच्या हृदयात पॅच असतो.

म्हणून ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयातून निघतानाच एका जाड कागदावर चार ओळी लिहून घ्याव्यात: दोषाचं नाव, ऑपरेशनची तारीख आणि आत काय बसवलं, दाताच्या कामाआधी डोस हवा का आणि कधीपर्यंत, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का. त्याचा फोटो आईच्या, वडिलांच्या आणि मामाच्याही मोबाइलमध्ये असावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचंही नाव त्यात असावं. दात काढायचा म्हणून ती गोळी परस्पर बंद केली, तर कृत्रिम झडपेवर गुठळी होऊ शकते.

सरकारी पातळीवर हृदय आणि दात यांची गाठ एका जागी आधीच पडलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी होते. तिच्या तीस आजारांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहेत, संधिवाताचा हृदयरोग आहे आणि दातांचे आजारही आहेत. एकाच पथकाच्या हातात एकाच दिवशी ही तिन्ही येतात. ज्या मुलाच्या रकान्यात हृदयदोषाची खूण पडते, त्याच्या दातांची खूण नुसती नोंदून न ठेवता त्याला त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं, तर फार मोठं काम होईल. कोल्हापूर शहरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांसाठी स्वतंत्र विभाग असतो.

आणि ते वेळेत व्हायला हवं, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनच्या आधी. किडलेल्या दाढा, मुळाशी पू धरलेले दात यांचा निकाल ऑपरेशनआधी लावला, की नवा पॅच निर्धास्त स्थिरावतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत तातडीचं नसलेलं दाताचं काम टाळायचं असतं, त्यामुळे आधी राहिलेली दाढ नेमकी नको त्या वेळी सुजते.

‘दुधाचाच दात हाय, पडंल की’ हे वाक्य इथे फार नुकसान करतं. पाच वर्षांच्या मुलाची दुधाची दाढ दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत तोंडात राहणार असते. तिच्या मुळाशी पू असेल, तर तो पाच-सहा वर्षं तिथेच राहील, आणि प्रत्येक घासाला जंतू रक्तात ढकलेल. गाल सुजला की अँटिबायोटिक द्यायचं, सूज उतरली की विसरायचं, हे तर आणखी वाईट. मुळाशी मुरलेला संसर्ग औषधाने जात नाही. दाढ काढावी लागते किंवा आतून साफ करून भरावी लागते.

हृदयरोगी मुलांचे दात लवकर किडायला कारणंही असतात. त्यांचं वजन वाढत नाही, म्हणून आई थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, गोड करून भरवत राहते. रात्री बाटली तोंडात ठेवून निजवते, नाहीतर मूल रडून निळं पडेल अशी भीती असते. औषधं सिरपची, तीही गोड, वर्षानुवर्षं. दातांना किती साखर यापेक्षा किती वेळा साखर हे जास्त नडतं. आपल्याकडे त्यात गूळ येतो. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, तेव्हापासून कोल्हापूर आणि गूळ वेगळे काढता येत नाहीत. साखर वाईट, गूळ पौष्टिक, ही समजूत घराघरांत आहे. दातांवरच्या जंतूंना मात्र त्यात फरक कळत नाही. गुळातही मुख्यतः तीच ऊसाची साखर असते, आणि तो दाढेच्या खाचेत चिकटून बसतो. गूळ बंद करा असं मी म्हणणार नाही. जेवणाबरोबर द्यावा, मधल्या वेळी चघळायला देऊ नये, आणि औषधाचं सिरप दिलं की वर दोन घोट पाणी पाजावं. रात्रीच्या ब्रशनंतर काही नको. पेस्ट फ्लोराइडची, तिच्यावर १००० पीपीएम लिहिलेलं असावं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने करून द्यायचा.

डोस देताना औषधाची निवडही नीट हवी. आपल्याकडे अमॉक्सिसिलिन म्हटलं की अनेकदा क्लॅव्ह्युलेनिक ॲसिड जोडलेलं औषध हातात येतं. ‘जास्त पॉवरचं’ म्हणून. क्लॅव्ह्युलेनिक ॲसिड पेनिसिलिन तोडणाऱ्या एका विकराला निकामी करतं. व्हिरिडन्स स्ट्रेप्टोकॉकस ते विकर बनवतच नाहीत. त्यामुळे फायदा काही नाही, जुलाब मात्र पदरात पडतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, तर पूर्वी क्लिंडामायसिन दिलं जाई. ब्रिटनमधल्या नोंदींत एकाच अमॉक्सिसिलिन डोसानंतर सुमारे तीस लाख डोसांत एकही मृत्यू आढळला नाही, तर क्लिंडामायसिनमागे दर दहा लाखांत तेरा मृत्यू निघाले, मुख्यतः आतड्याच्या गंभीर संसर्गाने. २०२१ मध्ये ते असोसिएशनच्या औषधांच्या यादीतून काढलं गेलं. आधी डोस द्यायचा राहूनच गेला, असंही होतं. तेव्हा काम झाल्यावर दोन तासांच्या आत दिला तरी चालतो, याची डॉक्टरांना आठवण करून द्यायला संकोच नको.

ज्या मुलांना डोस नको, त्यांना तो न देणं हाही हृदयरोगी मुलांच्या भल्याचा भाग आहे. विनाकारण खाल्लेल्या प्रत्येक कोर्सने तोंडातले जंतू औषधाला सरावतात, आणि ते एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. केंद्र सरकारने २०१६ पासून पाकिटावरच्या लाल रेघेची ओळख लोकांना करून द्यायला सुरुवात केली. लाल रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नये, आणि मागच्या वेळचं उरलेलं तर कधीच देऊ नये.

हृदयात दोष असलेल्या मुलाला ताप आला, चार-पाच दिवस उतरला नाही, आणि सर्दी-खोकला असं काही कारण दिसत नाही, तर गावातल्या डॉक्टरांना दोष आधी सांगायचा. तापाबरोबर भूक मंदावणं, रात्री घाम, वजन घटणं, दम वाढणं असेल तर आणखी घाई करायची. दाताचं काम झालेलं असो वा नसो, कारण बहुतेक वेळा हा आजार दाताच्या डॉक्टरकडे न जाताच होतो. अशा मुलाला तापाचं म्हणून अँटिबायोटिक आधी सुरू केलं, तर रक्तातले जंतू दबतात, मरत नाहीत. मग रक्ताच्या कल्चरमध्ये काही वाढत नाही, कुठला जंतू हे कळत नाही, आणि पुढचे सहा आठवडे डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. म्हणून अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी, वेगवेगळ्या ठिकाणी टोचून दोन-तीन कल्चरचे नमुने घ्यायला सांगावं. मूल फार आजारी असेल, तर हे नमुने काही मिनिटांत घेऊन लगेच औषध सुरू करता येतं.